बिटाच्या शेतात बसवलेलं विमान

२५ जुलै, शनिवार. सकाळचं पहिलं काम टाकी कालवण्याचं होतं. आधी अर्धी टाकी पाणी, मग फेस दाबणारं औषध, मग बुरशीनाशक, मग वरचं पाणी. क्रम चुकला की दह्यासारख्या गुठळ्या होतात आणि विमानाच्या पंखांखालच्या बारीक तोट्या तुंबतात. तुंबलेल्या तोट्या माझा नवरा कधी साफ करत नाही, त्या मलाच कराव्या लागतात. म्हणून मी क्रम चुकत नाही.

मिशिगनमधल्या ट्रॉयला आमचं घर आहे. तिथून हे रान गाडीने उत्तरेला दोन तासांवर. सगळीकडे सपाट जमीन, साखरेचं बीट, मका, घेवडा, आणि मधोमध गवताची एक लांब पट्टी. त्या पट्टीवरून एक म्हातारा गोरा माणूस विमानाने फवारणीचा धंदा करतो. विमान एकच आणि जुनं. बसायला एकच जागा. पुढे इंजिन, त्याच्या मागे औषधाची टाकी, आणि टाकीच्या मागे उंचावर, घोड्यावर बसल्यासारखा, पायलट. म्हाताऱ्याचे गुडघे गेल्यापासून ते विमान माझा नवरा चालवायचा. सोमवार ते शुक्रवार मी गाड्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते. सीझनमध्ये शनिवार-रविवारी मी त्या विमानात औषध भरायचे.

नवरासुद्धा आधी सॉफ्टवेअरमध्येच होता. नागपूरहून आम्ही दोघं तेच काम करायला आलो. चाळिशीच्या आसपास तो एका रविवारी विमान शिकवणाऱ्या क्लबात गेला आणि परत आला तो वेगळाच माणूस होऊन. आधी मला वाटलं खूळ आहे, उतरेल. उतरलं नाही. पुढे कंपनीने माणसं कमी केली, त्यात तो गेला. इतर लोक तोंड पाडून खोकी उचलून बाहेर पडले आणि हा शिट्टी वाजवत घरी आला. फवारणीचं काम मिळवायला त्याला आणखी बरीच वर्षं लागली. मिळाल्यावर त्याने दुसरं काही मागितलं नाही. दर वर्षी पायलटची डॉक्टरी तपासणी असते. ती पास झाली नाही तर उडता येत नाही. त्या तपासणीच्या आधी महिनाभर हा माणूस गोडाला हात लावायचा नाही. भीमजयंतीच्या गोडाची चव घ्यायलासुद्धा नाही म्हणायचा. तो घाबरायचा फक्त त्या एका गोष्टीला, की कोणीतरी एक दिवस म्हणेल, आता तुला उडता येणार नाही.

त्याच्या आईला हे कधी पटलं नाही. नागपूरहून फोन आला की 'जय भीम' झाल्या झाल्या सुरू.

"शिकून-सवरून फवारणीच करायची होती त इथं काय वाईट होतं? तुझ्या बापानं दुसऱ्याच्या पऱ्हाटीत पाठीवर पंप घेऊन आयुष्य काढलं. तेच करून राह्यला ना तू?"

"आई, पंप तोच आहे," हा म्हणायचा. "फक्त बाबांच्या पाठीवर पंप होता, मी पंपाच्या पाठीवर बसलोय."

"मोठा शहाणा हायेस."

पण शेजारणींना ती मोबाइलमधला त्याचा विमानासमोरचा फोटो दाखवते, हे आम्हाला नणंदेकडून कळलेलं होतं.

आता आमचे दोन शब्द सांगायला हवेत, कारण त्या दिवशी जे झालं ते त्यातल्या एका शब्दावरून झालं.

एका शेताला किती औषध लागेल याचा अंदाज आधी असतो, पण नेमकं कळतं ते शेवटच्या फेरीलाच. औषध पुरलं तर मला टाकी धुवून पुढच्या शेताचं औषध कालवायचं असतं. कमी पडलं तर तेच आणखी थोडं कालवायचं असतं. म्हणून तो वरून माझ्या हातातल्या रेडिओवर एक शब्द सांगायचा. शेत त्या टाकीभर औषधात बसलं, म्हणजे मावलं, तर 'बसलं'. राहिलं तर 'उरलं'. एवढंच. रेडिओवर फार बोलायचं नाही, असा त्याचाच नियम होता. तारांच्या खालून-वरून विमान काढताना माणसाला बोलायला फुरसत नसते.

त्या सकाळी पहिल्या दोन भरत्या झाल्या. तिसऱ्याला तो पट्टीवर उतरला, इंजिन चालूच ठेवून उभा राहिला. मी नेहमीप्रमाणे पंखाच्या मागून गेले, पाइप लावला, त्याने आतून काट्याकडे बघत मूठ वर केली, मी कॉक बंद केला. हेल्मेटच्या आतून तो काहीतरी म्हणाला. मला ऐकू आलं नाही. मी हात हलवला. तो गेला.

मी पाइप गुंडाळत होते तेव्हा रेडिओवर त्याचा आवाज आला.

"बसलं."

आवाजात काही नव्हतं. घाबरलेला नाही, मोठा नाही. मला आठवतं, माझ्या मनात आलं, इतक्या लवकर? मग वाटलं, शेत अंदाजापेक्षा लहान निघालं असेल. मी पाण्याचा नळ सोडला आणि टाकी धुवायला घेतली. शेत उरलं नाही म्हणून मला बरंसुद्धा वाटलं.

विमान शेताच्या टोकाला पोचलं की वळण्यासाठी वर चढतं, तेव्हा इंजिन ओरडतं. मैलभर लांबूनही ते ऐकू येतं. तुम्ही ऐकत नसता, पण कान ऐकत असतो. टाकीतलं पाणी ढवळताना माझ्या लक्षात आलं की आवाज नाही. परत येणाऱ्या विमानाचाही नाही. फक्त पाण्याचा.

नागपूरला आमच्या गल्लीत ऑटोचं, ट्रकचं, सासऱ्यांच्या जुन्या लुनाचं, सगळ्यांचं इंजिन 'बसायचं'. बंद पडलं असं कोणी म्हणत नसे. इंजिन बसलं. तो मला शेताचं सांगत नव्हता.

मी नळ चालूच टाकून धावले. म्हातारा मालक त्याच्या ट्रकमध्ये कॉफी पीत बसला होता. मी फक्त "ही इज डाउन" एवढं म्हणाले. त्याने कॉफी खिडकीतून फेकली. मी आग विझवायचं सिलिंडर उचलून मागे टाकलं, तोवर म्हाताऱ्याने अँब्युलन्सला फोन लावला होता आणि ट्रक हलला होता.

पुढे हॉस्पिटलच्या डॉक्टरीणबाईंनी मला आपणहून सांगितलं की टाकी धुण्यात गेलेल्या त्या चार-पाच मिनिटांनी काहीही फरक पडला नाही, जे व्हायचं ते विमान थांबलं त्या क्षणीच होऊन गेलं होतं. मी ते मान्य केलं आहे. ज्यावर काही करता येत नाही ते उगाळत बसण्याचा माझा स्वभाव नाही. पण त्या दिवसापासून कोणी साधं "बसलं का सगळं डब्यात?" असं म्हणालं तरी माझा हात थांबतो.

विमान बिटाच्या शेतात होतं. आग नव्हती. लांबून बघितलं तर वाटलं, नुसतं उभं आहे. जवळ गेल्यावर कळलं. या भागात प्रत्येक शेताच्या कडेला पाणी काढून द्यायला खोल चर असतो. विमान शेतात व्यवस्थित उतरलं होतं, ओळींना धरून पळत गेलं होतं, आणि थांबता थांबता पुढची चाकं चरात गेली होती. नाक चरात, शेपूट वर. नाकावरचा पंखा वाकलेला. औषधाची टाकी त्याने वरच रिकामी केली होती. तसा एक दांडा असतो, तो ओढला की सगळं औषध एकदम खाली पडतं आणि विमान हलकं होतं. शेताच्या मध्यावर पानं ओली चकाकत होती.

तो पट्ट्यांमध्ये अडकलेला होता. हेल्मेट काढलेलं. चेहऱ्यावर घाम होता आणि तो हसत होता.

"कुठे लागलं?" मी पंखावर चढून विचारलं.

"कुठेच नाही गं. तू आधी मागे बघ. किती सरळ आहे ते."

"काय सरळ आहे?"

"चाकांची रेघ. बघ ना."

मी बघितली. बिटाच्या दोन ओळींच्या मधून चाकं गेली होती. आखून काढल्यासारखी. मोजकी पानं सोडली तर पीकसुद्धा मोडलं नव्हतं.

"सरळ आहे," मी म्हणाले.

"नुसती सरळ? इंजिन गेलेलं, खाली तारा, डावीकडे कोणाचं तरी घर. आणि मी ओळीत बसवलं. ओळीत!" मग त्याचं लक्ष मालकाकडे गेलं. "सॉरी बॉस. तुमचं विमान."

"विमानाला घाल चुलीत," अशा अर्थाचं काहीतरी म्हातारा इंग्रजीत म्हणाला.

"पट्टा सोड ना जरा," नवरा मला म्हणाला. "पाय झोपलेत. मगापासून अवघडलेत."

मी हात पुढे केला तर म्हाताऱ्याने माझं मनगट घट्ट धरलं. मी त्याच्याकडे बघितलं. त्याने नुसती मान हलवली. त्याने आयुष्यभर हे काम केलं होतं, त्याने असे झोपलेले पाय आधी बघितलेले असणार. मी हात मागे घेतला आणि नवऱ्याला म्हणाले, "अँब्युलन्स येतेय. तोवर हलू नकोस."

"अगं पण नुसत्या मुंग्या आल्यात."

"मुंग्या आल्यात की काहीच कळत नाहीये?"

त्याने मांडीला चिमटा काढून बघितला. मग म्हणाला, "आईला सांगू नको हं आत्ता."

मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलला त्याला हेलिकॉप्टरने नेलं. हेलिकॉप्टरमध्ये चढवताना तो तिथल्या माणसाला कुठलं इंजिन आहे विचारत होता. मी मालकाच्या ट्रकमधून मागून गेले. वाटेत मी मुलीला फोन लावला. ती पेनसिल्व्हेनियात स्टेट कॉलेज नावाच्या गावी शिकते.

"बाबाचं विमान बिघडलं, शेतात उतरवलं, पाठीला लागलंय, ऑपरेशन आहे," मी एका दमात सांगितलं.

"इज ही टॉकिंग?"

"खूप."

"ओके. आय ॲम ड्रायव्हिंग देअर. डोन्ट आर्ग्यू, आई."

मी म्हटलं, एकटी नको येऊस, मैत्रिणीला घे, आणि वाटेत जेव. फोन ठेवल्यावर ती रडली असणार. मी म्हाताऱ्याला सांगितलं की पाण्याचा नळ चालू राहिलाय, कोणाला तरी पाठवून बंद करून घ्या. त्याने एका हाताने ट्रक चालवत फोन केला. अशा वेळी माणसाला काही काम असलेलं बरं.

ऑपरेशन लांबलं. संपल्यावर सर्जन बाहेर आल्या. माझ्याच वयाच्या बाई, केस वर बांधलेले, डोळ्यांखाली दमणूक. मला एका लहान खोलीत नेऊन बसवलं. कण्यातला कमरेचा मणका चुरडला होता, हाडाचे तुकडे आतल्या मज्जारज्जूत गेले होते. त्यांनी मणके स्क्रूंनी जोडले होते. जोडल्याने बसता येईल, असं त्या म्हणाल्या.

"आणि चालता?"

"मला नाही वाटत. मी खोटी आशा देणार नाही."

"तो पायलट आहे," मी म्हणाले. हे त्यांना माहीत होतं. तरी मी म्हणाले.

"हो," त्या म्हणाल्या. "हातांनी चालवता येतील अशी विमानं असतात. त्याबद्दल पुढे कोणीतरी बोलेल. पण हे काम, फवारणीचं, नाही." मग त्या म्हणाल्या, "आज तो औषधांच्या गुंगीत आहे. आज काही सांगू नका. उद्या सकाळच्या राउंडला मी स्वतः सांगेन."

"राउंड किती वाजता?"

"सातच्या सुमारास."

मी आभार मानले. बाहेर म्हातारा टोपी मांडीवर ठेवून बसला होता. मी त्याला सांगितलं. थोड्या वेळाने त्याने टोपी डोक्यावर ठेवली आणि लगेच पुन्हा काढली.

आईला न सांगण्यात अर्थ नव्हता. मुलीने नणंदेला मेसेज केला असता, नणंदेने गल्लीला. नागपूरला तेव्हा पहाट झाली होती. सासूबाई उठून चहा करत असतील असा अंदाज करून मी फोन लावला.

"आई, विमान बिघडलं होतं. त्याने शेतात सुखरूप उतरवलं. जीवाला काही नाही. पाठीला मार आहे, ऑपरेशन झालं."

बराच वेळ फक्त गॅसवरच्या भांड्याचा आवाज.

"पाठीलाच?" त्या म्हणाल्या. "याच्या बापाचीबी पाठच गेली होती. पंपानं." मग गॅस बंद केल्याचा आवाज आला. "चालतो ना पण?"

"आत्ता झोपलाय, आई."

"मी काय विचारून राह्यले?"

मला खोटं बोलता येत नाही असं नाही. गरज पडली तर येतं. पण त्या बाईने स्वतःच्या पाठ गेलेल्या नवऱ्याला उचलून बसवण्यात उमेदीची सगळी वर्षं घालवली होती. तिला मी काय फसवणार होते? मी म्हणाले, "नाही, आई. चालणार नाही, असं डॉक्टर म्हणाल्या."

त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, "त्याला कळलं?"

"अजून नाही."

"तूच सांग मग. परक्या माणसाच्या तोंडून नको." आणि थोड्या वेळाने, "त्याच्या बापाला ना, डॉक्टरनं सांगितलं होतं. माझ्याकडं बघितलं बी नाही त्यानं आठ दिवस. म्हणे, तुला ठाऊक होतं अन् तू बोलली नाही."

रात्री त्याला जाग आली. औषधांमुळे तोंड कोरडं पडलं होतं, पण बोलणं थांबत नव्हतं. मी चमच्याने बर्फाचा चुरा भरवत होते आणि तो मला लँडिंग सांगत होता.

"आधी एकदा खोकला आला इंजिनला. मग एकदम धाडकन. आतला दांडाच तुटला असणार. पंखा उभाच. आणि इतकं शांत गं! इतकी वर्षं उडतोय, कधी वाऱ्याचा नुसता आवाज ऐकला नव्हता. मी तुला सांगितलं ना, बसलं म्हणून?"

"सांगितलंस."

"मग टाकी सोडली. तारांवरून काढलं. नाक अजिबात वर ओढलं नाही, तिथेच माणसं मरतात, वेग जातो आणि दगडासारखं पडतं. मी वेग धरून ठेवला. पार शेवटपर्यंत. आणि चाकं टेकली तेव्हा, खरं सांगतो, मला कळलं पण नाही टेकली ते. माझ्या आयुष्यात इतकं मऊ लँडिंग मी कधी केलं नाही. चांगल्या इंजिनानेसुद्धा नाही." त्याचे डोळे चमकत होते. "तो चर दिसला नाही. पानांनी झाकला होता. पण लँडिंग, लँडिंग शंभर नंबरी होतं की नाही?"

"होतं."

"तू फोटो काढलास रेघेचा?"

"नाही."

"अगं! उद्या म्हाताऱ्याला काढायला सांग, पाऊस यायच्या आधी." मग त्याने डोळे मिटले. "हा सीझन तर गेलाच. पाठ भरायला वेळ लागेल. पण मेपर्यंत उभा राहतो मी. मेमध्ये तपासणी आहे. आत्तापासूनच गोड बंद."

मी बर्फाचा आणखी एक चमचा त्याच्या तोंडात घातला. त्याला बोलता येऊ नये म्हणून घातला. कारण तो आणखी एक वाक्य बोलला असता तर मी खोलीबाहेर गेले असते, आणि त्याला कळलं असतं.

तो झोपल्यावर मी बाहेरच्या खुर्चीत बसले. मुलगी येऊन माझ्या खांद्याला टेकून झोपली. मी त्याला ओळखते त्या इतक्या वर्षांत तो इतका खूश कधीच नव्हता, हे मला तिला सांगायचं होतं. नाही सांगितलं.

सकाळी साडेसहाला मी मुलीला खाली कॉफी आणायला पाठवलं आणि त्याच्या खोलीत गेले. तो जागा होता. गुंगी उतरली होती. चेहरा कालच्यापेक्षा म्हातारा दिसत होता. त्याने पांघरुणाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला वाटतं, अर्धं त्याला कळलेलं होतं.

मी खुर्ची पलंगाला चिकटवून बसले आणि त्याचा हात धरला. आम्ही चार माणसांत हात धरणारी जोडी नाही.

"ऐक," मी म्हणाले. "मणका चुरडलाय. आतली नस गेली. पाय परत येणार नाहीत. डॉक्टर आता येऊन सांगणार होत्या, मी आधी सांगतेय."

"अजिबात?"

"अजिबात. बसता येईल. हात चांगले आहेत."

"आणि..."

"तेही नाही. फवारणी नाही."

तो छताकडे बघत राहिला. बाहेर कोणाची तरी ट्रॉली खडखडत गेली. मी हात सोडला नाही.

"म्हणजे कालचं शेवटचं," तो म्हणाला.

"हो."

मग तो रडला. आवाज न करता, तोंड भिंतीकडे करून, कारण अंग वळवता येत नव्हतं, फक्त मान वळत होती. मी उशीवरचं ओलं पुसलं नाही. पुसलं की रडणं संपवावं लागतं.

सर्जन आल्या, दारातच माझ्याकडे बघितलं आणि समजल्या. त्याच्याशी थोडं बोलल्या, पायाच्या बोटांना टोचून बघितलं. तो नुसता "नो", "नो" म्हणत राहिला. त्या गेल्यावर एक नर्स कोमट पाण्याचं भांडं आणि टॉवेल घेऊन आली, अंग पुसायला. मी तिला म्हणाले, मी करते.

चेहरा, मान, हात पुसले. मग पांघरूण वर केलं आणि पाय पुसायला घेतले. तो बघत होता. मी डावा पाय हातात उचलला, टाच धरून, टॉवेल पिळला, बोटांच्या मधून फिरवला.

"पाणी गरम आहे का?" त्याने विचारलं.

"आहे," मी म्हणाले, आणि उजवा पाय घेतला.